पत्र्याच्या जुन्या फर्म्यांवरून घरच्या घरी डिजिटल ड्रॉइंग कसे तयार करावे?

पॅकिंगवाला, उद्यमनगर

नमस्कार. कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात आमचे पॅकिंग, म्हणजे दोन भागांच्या सांध्यातून गळती होऊ नये म्हणून बसवायचे गॅस्केट, कापून देण्याचे छोटे दुकान आहे. जुनी ऑईल इंजिने, पाण्याचे पंप आणि गुऱ्हाळाच्या चरकाला जोडलेली डिझेल इंजिने यांची पॅकिंगे वडील अनेक वर्षे हाताने कापत आले आहेत. प्रत्येक मापासाठी त्यांनी पत्र्याचा एक फर्मा, म्हणजे कापण्याचा नमुना, करून ठेवला असून असे सत्तरच्या आसपास फर्मे दुकानाच्या भिंतीवर खिळ्यांना टांगलेले आहेत. सुरी कडेला घासून घासून यांतल्या बऱ्याच फर्म्यांच्या कडा खाल्ल्या गेल्या आहेत आणि पंच मारून मारून भोकेही मोठी झाली आहेत. ज्या इंजिनांवरून हे फर्मे घेतले होते, त्यांतली कित्येक भंगारात गेली, त्यामुळे फर्मा गेला की माप गेले अशी स्थिती आहे. वडिलांचे हात चालते आहेत तोवर ही सगळी मापे संगणकात उतरवून ठेवावीत, असे मी ठरवले आहे.

पहिल्या प्रयत्नात मी एक फर्मा घरच्या प्रिंटरच्या स्कॅनरवर ३०० डीपीआयला (एका इंचात ३०० बिंदू) स्कॅन केला, इंकस्केप या चित्रे काढण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये त्याची बाह्यरेषा आपोआप ट्रेस करून, म्हणजे गिरवून, घेतली, कटिंग मशीनला लागणारी डीएक्सएफ फाइल तयार केली आणि लेझर कटिंगवाल्याकडून २ मिमी पत्र्यात नवा फर्मा कापून आणला. तो चुकला. जुना फर्मा व्हर्नियरने, म्हणजे बारीक माप घेण्याच्या साधनाने, १८४.१ मिमी लांब आणि ११४.२ मिमी रुंद भरतो. नव्याची रुंदी बरोबर आहे, पण लांबी १८५.२ मिमी झाली आहे. आठ भोकांचे व्यास ८.५ पासून ९.१ मिमीपर्यंत वेगवेगळे आले असून बोट फिरवले तर त्यांच्या कडेला बारीक कोपरे हाताला लागतात. एका टोकाचे स्टड (इंजिनावरचे आटेदार खुंट) भोकांत बसवले की दुसऱ्या टोकाची भोके मिलिमीटरभर पुढे सरकलेली दिसतात. सुदैवाने त्याच मॉडेलचे एक इंजिन सध्या शेजारच्या गाळ्यात दुरुस्तीला आले आहे, म्हणून हे पडताळता तरी आले.

लांबीच तेवढी का चुकली, भोके गोल का आली नाहीत आणि सत्तर फर्म्यांसाठी घरात बसून करता येईल अशी भरवशाची पद्धत कोणती, हे जाणकारांनी सांगावे, ही विनंती.

टूलरूम_शिरोली

आपण हाती घेतलेले काम मोलाचे आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी लांबीविषयी. स्कॅनरमध्ये रुंदीच्या दिशेने सेन्सरची पट्टी असते आणि तिच्यावरच्या बिंदूंमधले अंतर कारखान्यातच पक्के झालेले असते. लांबीच्या दिशेने मात्र तीच पट्टी मोटर आणि पट्ट्याच्या साहाय्याने सरकत जाते. पट्टा किंचित ताणलेला असला किंवा गिअरच्या मापात थोडा फरक असला, तरी त्या एका दिशेचे प्रमाण बदलते. कागदपत्रे स्कॅन करताना हा फरक कोणाच्या लक्षात येत नाही, मात्र १८४ मिमीवर १.१ मिमी हा फरक आपल्या धंद्यात चालणार नाही. यावर उपाय सोपा आहे. १५० मिमीची स्टीलची पट्टी ६०० डीपीआयला एकदा आडवी आणि एकदा उभी स्कॅन करा. शून्याच्या रेघेपासून १५० च्या रेघेपर्यंत ३,५४३ पिक्सेल भरायला हवेत, कारण एका इंचात, म्हणजे २५.४ मिमीमध्ये, ६०० पिक्सेल असतात. आपल्या फरकावरून उभ्या दिशेने ३,५६४ च्या आसपास आकडा येईल असा माझा अंदाज आहे. तसा आला तर प्रत्येक स्कॅनची उंची ९९.४२ टक्के करायची, रुंदीला हात लावायचा नाही. ही चाचणी एकदा करून आकडा स्कॅनरवरच चिकटवून ठेवा. खात्री करायची असल्यास तोच फर्मा ९० अंशांत फिरवून पुन्हा स्कॅन करावा. दुरुस्तीनंतर दोन्ही चित्रांत मापे सारखी आली पाहिजेत.

स्कॅन करण्यापूर्वी फर्म्याच्या कडेची बर, म्हणजे कापताना उरलेली खरखरीत धार, कानशीने काढा, कारण बरीमुळे पत्रा काचेपासून उचलला जातो आणि घरगुती स्कॅनरच्या पातळ सेन्सरला काचेपासून जरा वर असलेली कड धूसर दिसते. काचेवर चरे पडू नयेत म्हणून मध्ये पारदर्शक प्लॅस्टिकचा पातळ कागद घालावा. चकचकीत पत्र्यामागे पांढरे झाकण आले तर कड नेमकी कुठे संपते ते कळत नाही, तेव्हा वरून काळा किंवा गडद निळा कागद ठेवून मग झाकण लावा. फाइल जेपीजी नको, पीएनजी ठेवा. ६०० डीपीआयला एक पिक्सेल ०.०४ मिमीचा पडतो, म्हणजे आपल्याला लागणाऱ्या अचूकतेपेक्षा तो बराच बारीक आहे आणि १२०० वर जाण्याने फाइल जड होण्यापलीकडे काही हाती लागणार नाही.

आता मुख्य मुद्दा. ट्रेस करणे ही पद्धत चित्रासाठी योग्य आहे, यंत्राच्या भागासाठी नाही. आपोआप केलेल्या ट्रेसला हे वर्तुळ आहे, ही सरळ रेघ आहे, हा कंस दोन्ही रेघांना स्पर्श करतो, यांपैकी काहीच ठाऊक नसते. त्याला फक्त काळ्या-पांढऱ्याची सीमा दिसते. सुरीने खाल्लेली कड, गंजाचा खड्डा, स्कॅनरच्या दिव्याने एका बाजूला पाडलेली सावली, हे सारे तो इमानाने नक्कल करतो. आपल्या भोकांना कोपरे आले ते त्यामुळेच. वडिलांनी फर्मा केला तेव्हा कंपास आणि पट्टीने आखला असणार, म्हणून तो ड्रॉइंगमध्येही कंपास आणि पट्टीनेच उतरवला पाहिजे. फ्रीकॅड या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमध्ये स्कॅनचे चित्र पार्श्वभूमीला घ्या, व्हर्नियरने मोजलेल्या एका मापावरून त्याचे प्रमाण ठरवा आणि त्याच्यावर स्केचमध्ये रेघा, कंस आणि वर्तुळे नव्याने काढा. चित्र केवळ आकार कळण्यापुरते असते, आकडा मात्र नेहमी व्हर्नियरचाच घालायचा.

आपली मापे वाचताना मला एक गोष्ट जाणवली. १८४.१ आणि ११४.२ हे आकडे मिलिमीटरमध्ये विचित्र वाटतात, पण सव्वासात इंच म्हणजे १८४.१५ मिमी आणि साडेचार इंच म्हणजे ११४.३ मिमी. हे इंजिन इंचातले आहे. तसे असेल तर स्टड अडीच सुती (एक सूत म्हणजे १/८ इंच), म्हणजे ५/१६ इंचाचे, आणि भोके मुळात पावणेतीन सुतांची, म्हणजे ८.७३ मिमीची असावीत. इथे एक सावधगिरी बाळगा. अडीच सुती स्टड व्हर्नियरने ७.९ मिमीच्या आसपास भरतो आणि एम-८, म्हणजे ८ मिमीचा मेट्रिक, स्टडही साधारण तेवढाच भरतो, त्यामुळे व्यासावरून निर्णय घेऊ नका, आटे मोजणारा थ्रेड गेज लावा. एम-८ ला १.२५ मिमीचा पिच, म्हणजे लगतच्या दोन आट्यांमधले अंतर, असतो, तर अडीच सुतीला एका इंचात १८ आटे असतात. एकदा इंच की मिलिमीटर हे ठरले, की झिजलेल्या फर्म्यावरचे प्रत्येक माप मुळात काय होते ते ओळखता येते, आणि फर्मे वाचवण्यात खरा फायदा तोच आहे.

भोकांची केंद्रे फर्म्यावरून न घेता इंजिनाच्या स्टडवरून घ्या, कारण पंचने भोक एका बाजूला जास्त खाल्ले असेल तर त्याचे केंद्रही सरकलेले असते. दोन स्टडच्या बाहेरच्या कडांमधले अंतर घ्या, मग आतल्या कडांमधले घ्या, दोन्हींची बेरीज करून निम्मी करा. ते केंद्रांतर झाले, आणि यात स्टडचा व्यास माहीत असण्याची गरजही पडत नाही. वापरलेले जुने पॅकिंग मात्र मापासाठी धरू नका, कारण दाबाखाली ते पसरलेले असते आणि त्याची भोके आकसलेली असतात. फ्लँजला, म्हणजे सांध्याच्या सपाट तोंडाला, चिकटलेले जुने पॅकिंग कोरडेच खरवडूही नका, त्यात ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता असते. ते ओले करून काढा आणि धूळ उडू देऊ नका.

बाह्याकार डाव्या-उजव्या बाजूंनी सारखा दिसत असेल तर अर्धाच काढून सिमेट्रीचे बंधन (दुसरा अर्धा आरशातल्यासारखा ठेवणारी अट) लावा, निम्मे काम वाचेल.

लेझर_गोकुळशिरगाव

मी पत्रा कापण्याच्या बाजूने दोन गोष्टी सांगतो. ट्रेस केलेली फाइल आमच्याकडे येते तेव्हा एकेका भोकात शंभर-दीडशे बारीक तुकडे असतात. मशीनचे डोके प्रत्येक तुकड्याशी वेग कमी-जास्त करते आणि कड करवतीसारखी येते. तेच भोक एक वर्तुळ म्हणून आले तर डोके एका दमात फिरते. म्हणून वरच्या उत्तरातला सल्ला आमच्या दृष्टीनेही शंभर टक्के खरा आहे.

डीएक्सएफ पाठवताना एकक मिलिमीटर आहे हे निरोपात लिहा आणि भागाची एकूण लांबी-रुंदीही लिहा. फाइलमधले एकक आमच्या सॉफ्टवेअरने वाचले नाही तर भाग २५.४ पट मोठा किंवा लहान उघडतो. तो तर डोळ्यांना लगेच दिसतो. इंकस्केपच्या जुन्या आवृत्त्या एका इंचाला ९० पिक्सेल धरत आणि ०.९२ पासून ९६ धरतात, त्या घोळातून येणारा सहा-साडेसहा टक्क्यांचा फरक मात्र कोणाच्या नजरेत भरत नाही. एकूण माप लिहिलेले असले की आम्ही कापण्यापूर्वीच फोन करतो. आकाराच्या रेघा बंद असाव्यात, एकावर एक दोनदा काढलेल्या नसाव्यात, आणि मापे व मजकूर वेगळ्या लेयरवर ठेवावा, नाहीतर मजकूरही पत्र्यात कापला जातो.

लेझरच्या वाटेत जळणारी रुंदी, ज्याला आम्ही कर्फ म्हणतो, ती आमच्या मशीनवर भरून काढलेली असते. आपण ड्रॉइंगमध्ये पुन्हा भर घालू नये, ड्रॉइंग खऱ्या मापाचेच असावे. फाइल व्हॉट्सअॅपवर पाठवायची असल्यास डॉक्युमेंट म्हणून पाठवा. स्कॅनचे चित्र फोटो म्हणून पाठवले तर ते लहान होऊन येते आणि त्यावर कोणतेही माप धरता येत नाही.

कापशी_चप्पल

आमच्या घरी चपलांचे काम चालते. तळ, कान आणि पट्ट्याचे पुठ्ठ्याचे फर्मे मी दोन वर्षांपूर्वी संगणकावर घेतले. मोठ्या मापाचा तळ स्कॅनरच्या काचेवर मावत नाही, म्हणून मी फोनने फोटो काढते. त्यात झालेल्या चुका आपल्या उपयोगी पडतील म्हणून लिहिते.

फोटो जवळून काढू नये. फर्मा जमिनीवर ठेवून मी स्टुलावर उभी राहते आणि झूम करते, म्हणजे कडेचा भाग फाकत नाही. शेजारी ठेवलेली पट्टी फर्म्याच्या वरच्या पृष्ठभागाच्या उंचीला असली पाहिजे. पाच मिमी जाडीचा तळ एक मीटरवरून काढला आणि पट्टी जमिनीवर ठेवली, तर २५० मिमीचा तळ सव्वा मिलिमीटरने मोठा येतो. मी पट्टीखाली त्याच चामड्याचा तुकडा ठेवते. पट्टी जवळ नसेल तर एटीएम कार्ड ठेवावे, त्याचे माप सगळीकडे ८५.६० गुणिले ५३.९८ मिमी असते, मात्र कोपरे गोल असल्यामुळे सरळ कडांवरूनच मोजावे. कागदपत्रांचे फोटो काढणारी ॲप मात्र अजिबात वापरू नयेत, ती चित्र ओढून कागदाच्या आकारात बसवतात आणि लांबी-रुंदीचे प्रमाण बिघडवतात.

आणखी एक गोष्ट. पावसाळ्यात पुठ्ठा आणि कागद दमट होऊन वाढतात, आणि एका दिशेने जास्त वाढतात. आपला फर्मा पत्र्याचा आहे म्हणून ती अडचण नाही, पण कागदावर घेतलेला ठसा असेल तर त्याच दिवशी मोजून ठेवावा.

पॅकिंगवाला, उद्यमनगर

सर्वांचे मनापासून आभार. गेले दहा दिवस याच कामात होतो, म्हणून उत्तराला उशीर झाला.

स्टीलची पट्टी उभी स्कॅन केल्यावर ३,५६५ पिक्सेल आले आणि आडवी केल्यावर ३,५४४. टूलरूममधल्या दादांचा अंदाज एका पिक्सेलने चुकला. थ्रेड गेज लावल्यावर स्टडला १८ आटे निघाले. वडिलांना हे सांगितले तेव्हा ते म्हणाले की हा फर्मा अडीच सुतीचाच आहे, विचारले असतेस तर सांगितले असते. रुंदीच्या दिशेने स्टडच्या बाहेरच्या कडा १०३.१ मिमी आणि आतल्या ८७.४ मिमी आल्या. बेरीज १९०.५, निम्मी ९५.२५, म्हणजे बरोबर पावणेचार इंच. हा आकडा कॅलक्युलेटरवर उमटला तेव्हा मी उठून उभा राहिलो, कारण इंजिनाच्या त्या स्टडवरून चाळीसेक वर्षांपूर्वीच्या कोणा ड्राफ्ट्समनचे मूळ माप जसेच्या तसे बाहेर आले होते.

त्यानंतर मात्र एक चूक झाली आणि ती इथे नोंदवणे आवश्यक वाटते. मी अर्धा आकार काढून सिमेट्रीचे बंधन लावले. पत्रा कापायला देण्यापूर्वी ड्रॉइंग कागदावर छापले, आणि छापताना कागदात बसवण्याचा पर्याय बंद करून प्रमाण १०० टक्के ठेवले. शेजारी १०० मिमीचा एक चौकोनही काढला होता, तो व्हर्नियरने ९९.८ भरला, म्हणून छपाईवर भरवसा ठेवता आला. तो कागद इंजिनाच्या तोंडावर ठेवला तेव्हा सात स्टड भोकांच्या मध्यावर आले आणि मॅग्नेटोच्या (ठिणगीसाठी वीज देणाऱ्या भागाच्या) बाजूचा कोपऱ्यातला आठवा स्टड कागद फाडू लागला. मोजले तर तो एक सूत आत होता. मला वाटले स्टड वाकला असेल. वडिलांनी त्या कोपऱ्याजवळच्या तेलाच्या भोकावर बोट ठेवले आणि सांगितले की पॅकिंग उलटे बसले तर हे भोक बंद होते, म्हणून तो स्टड मुद्दाम सरकवलेला आहे. चुकीच्या बाजूने पॅकिंग बसूच शकत नाही. जुन्या फर्म्यावर ते भोक आत सरकलेलेच होते, पण ते झिजेमुळे तसे दिसते असे समजून मी दुरुस्त करून टाकले होते.

आठवे भोक स्वतंत्र मापाने काढून पुन्हा कागदी चाचणी घेतली आणि मग पत्रा कापून आणला. आता फर्मा आठही स्टडवर हाताच्या दाबाने बसतो आणि कड काचेसारखी आली आहे. प्रत्येक ड्रॉइंगसोबत एक छोटी नोंद ठेवायला सुरुवात केली आहे. इंजिन कोणते, माप इंचात की मिलिमीटरमध्ये, कोणती मापे इंजिनावरून घेतली व कोणती फर्म्यावरून, आणि वडील त्या भागाविषयी काय सांगतात, एवढे तीत लिहितो.

पुढचा फर्मा १४ इंच लांबीचा आहे. तो काचेवर ठेवला तर एक टोक स्कॅनरच्या कडेच्या उंचवट्यावर चढते आणि पत्रा तिरका होतो. दोन भागांत स्कॅन करून जोडावा का?

टूलरूम_शिरोली

सिमेट्रीविषयीचा माझा सल्ला अपुरा होता. आधी प्रत्येक भोक दोन्ही बाजूंनी मोजून पाहावे आणि मगच बंधन लावावे, असे मी लिहायला हवे होते. फरक जिथे सापडेल तिथे तो झिजेचा की हेतूचा, हे तो भाग हाताळलेल्या माणसाला विचारावे. आपल्या नोंदीत वडिलांचे म्हणणे येते आहे हे उत्तम झाले, ते रकाने रिकामे राहू देऊ नका.

१४ इंचांच्या फर्म्यासाठी स्कॅन जोडत बसू नका. कडेवर चढलेला पत्रा काचेपासून उचललेला असतो, त्यामुळे नेमकी जोडाजवळची कड धूसर येते. चप्पलवाल्या ताईंनी सांगितल्याप्रमाणे उंचावरून झूम करून फोटो घ्या, पट्टी फर्म्याच्या उंचीला ठेवा आणि तो फोटो फक्त पार्श्वभूमीला वापरा. लांब अंतरे ६०० मिमीच्या स्टील पट्टीने घ्या. पट्टीचे टोक घासलेले असते, तेव्हा शून्यापासून न मोजता १०० च्या रेघेपासून मोजा आणि शेवटी १०० वजा करा. शेजारच्या भोकांमधली अंतरे व्हर्नियरने स्वतंत्र घेऊन त्यांची बेरीज पट्टीच्या मापाशी ताडून पाहा. अर्ध्या मिलिमीटरपेक्षा जास्त फरक निघाला तर एखादे भोक चुकीचे मोजले गेले आहे असे समजून पुन्हा पहिल्यापासून मोजा.